मैदान आणि प्रेक्षक (लेखांक ७) : बसायचे कोणत्या बाजूला?

गेल्या आठवड्यात कबड्डीच्या मातीच्या मैदानाकडे वळण्याचे कबूल केले होते. परंतु मोहोपाड्याच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे, की त्याला बगल देऊन पुढे जाणे योग्य ठरणार नाही. रसायनीहून नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सामना पाहायला जायचे झाल्यास तिकीट कोणत्या बाजूचे काढावे, एवढाच तो प्रश्न आहे. उत्तर दोन वाक्यांत देता येते. मात्र ते पटायचे असेल, तर क्रिकेटचे मैदान प्रेक्षकाला नेमके काय दाखवते आणि काय दाखवू शकत नाही, हे आधी पाहावे लागते.

बेसबॉलच्या मैदानाशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा लवकर स्पष्ट होतो. बेसबॉलमध्ये खेळाचे क्षेत्र काटकोनात पसरत जाते. फलंदाज त्या काटकोनाच्या टोकाशी, होम प्लेट नावाच्या जागेपाशी उभा राहतो, चेंडू टाकणारा पिचर तेथून ६० फूट ६ इंचांवर असतो, आणि सामना संपेपर्यंत ही मांडणी बदलत नाही. त्यामुळे उत्तम जागा होम प्लेटच्या मागची, हे तेथे कायमचे ठरलेले असते आणि प्रेक्षकांचे सज्जेही त्या कोपऱ्याभोवतीच दाटीने उभे राहतात. मैदानांचा वेगळेपणा दिसतो तो दूरच्या कडेला, कारण ती कडा किती अंतरावर असावी याबाबत बरीच मोकळीक असते. बॉस्टनचे १९१२ साली सुरू झालेले फेनवे पार्क डाव्या बाजूच्या ३७ फूट उंचीच्या हिरव्या भिंतीमुळे ओळखले जाते, तर शिकागोच्या रिग्ली फील्डची विटांची भिंत आयव्हीच्या वेलींनी झाकलेली असते. क्रिकेटमध्ये मात्र चेंडू चहूबाजूंना जातो आणि दर षटकानंतर गोलंदाजीचे टोक बदलते, म्हणून सर्वांत चांगली अशी एकच जागा येथे असू शकत नाही. प्रेक्षकाने काय पाहायचे आहे हे आधी ठरवावे आणि मग जागा निवडावी, हाच मार्ग उरतो.

हा फरक किती खोलवरचा आहे, हे नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रत्यक्ष दिसून आले. सचिन तेंडुलकर आणि शेन वॉर्न यांनी निवृत्त खेळाडूंचे संघ घेऊन न्यूयॉर्कचे सिटी फील्ड, ह्यूस्टनचे मिनिट मेड पार्क आणि लॉस एंजलिसचे डॉजर स्टेडियम या बेसबॉलच्या तीन मैदानांवर क्रिकेटचे सामने खेळवले. त्यासाठी अन्यत्र तयार केलेल्या खेळपट्ट्या आणून बसवाव्या लागल्या आणि बेसबॉलच्या आकारात क्रिकेटचे वर्तुळ बसवताना सीमारेषा बऱ्याच जवळ आल्या. परिणामी न्यू जर्सीकडून सिटी फील्डवर सचिनला पाहायला गेलेल्या मराठी माणसाला होम प्लेटमागची मोक्याची जागा मिळाली असली, तरी तिचा मोठेपणा त्या दिवशी उरला नव्हता.

क्रिकेटच्या मैदानावर पाहण्याच्या मुख्य दिशा दोन. खेळपट्टीच्या रेषेत, म्हणजे गोलंदाजाच्या किंवा यष्टिरक्षकाच्या पाठीमागे बसलेल्या प्रेक्षकाला चेंडूची दिशा कळते : तो हवेत किती वळला, टप्पा पडल्यावर कोणीकडे सरकला, फलंदाजाने कोणता चेंडू सोडायला हवा होता, हे सारे त्याला उमगते, आणि टोक बदलले तरी त्याची ही सोय कायम राहते. याउलट खेळपट्टीला काटकोन करून बसलेल्या प्रेक्षकाला दिशा जवळजवळ कळत नाही; पण चेंडूचा टप्पा कुठे पडला, तो किती उसळला, त्याचा वेग किती होता आणि धावबादच्या वेळी बॅट रेषेच्या आत आली होती की नाही, हे त्याच्याइतके स्वच्छ दुसऱ्या कोणालाही दिसत नाही. वेगवान गोलंदाजी पाहायची असेल तर आडव्या बाजूला आणि फिरकी पाहायची असेल तर सरळ रेषेत बसावे, हा नियम जवळपास प्रत्येक मैदानावर लागू पडतो. सरळ रेषेत मात्र एक अडचण असते : फलंदाजाला चेंडू नीट दिसावा म्हणून गोलंदाजाच्या पाठीमागे उभा केलेला मोठा पडदा, ज्याला साइटस्क्रीन म्हणतात, त्याच्या लगतच्या खालच्या रांगांतून मैदानाचा काही भाग झाकला जातो. म्हणून सरळ रेषेतील तिकीट काढायचे तर ते वरच्या मजल्याचेच काढावे.

आणखी एक मर्यादा आहे, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर अंतर कापतो. त्यामुळे शंभर मीटरवरच्या प्रेक्षकाला फलंदाजाचा फटका आधी दिसतो आणि बॅटचा आवाज सेकंदाच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाने उशिरा ऐकू येतो, तर बॅटची नुसती कड घेऊन गेलेल्या चेंडूचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्ध ब्रेबॉर्न स्टेडियमवर नोव्हेंबर १९६९ मध्ये झालेल्या कसोटीतील दंगलीचा विचार या दृष्टीने व्हायला हवा. भारताचा दुसरा डाव कोसळत असताना वेंकटराघवन यांना यष्टिरक्षकाकडे झेल दिल्याबद्दल बाद ठरवण्यात आले, आणि चेंडू बॅटला लागलाच नव्हता असे मत आकाशवाणीच्या समालोचनातून व्यक्त झाले. प्रेक्षकांपैकी अनेकांच्या कानाशी ट्रान्झिस्टर होते. जे त्यांना आपल्या जागेवरून दिसणे वा ऐकू येणे शक्यच नव्हते, ते त्यांनी ट्रान्झिस्टरवरून ऐकले; बाटल्या आणि खुर्च्या फेकल्या गेल्या, जाळपोळ झाली, आणि सामना मात्र ऑस्ट्रेलियाने जिंकला. मैदानात बसून बाहेरचे समालोचन ऐकण्याची सवय तेव्हापासून आजच्या मोबाइलपर्यंत टिकून आहे, आणि ती प्रेक्षकाच्या स्वतःच्या नजरेला मारक आहे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

मुंबईच्या मैदानांमध्ये ब्रेबॉर्नचे स्थान वेगळेच आहे. भारतातील पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली आणि लाला अमरनाथ यांनी तेथे ११८ धावांचे शतक काढले, तेव्हा प्रेक्षकांची व्यवस्था तात्पुरत्या मांडवांत होती. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने १९३७ साली ब्रेबॉर्न उभे केले, ते कायमस्वरूपी प्रेक्षागाराची गरज भागवण्यासाठी. त्याचे सज्जे फार उंच नाहीत, सुमारे वीस हजारांपलीकडे गर्दी मावत नाही, आणि त्यामुळे कोठेही बसले तरी खेळाडूंची चाल, खांद्यांची ठेवण, कर्णधाराचा इशारा हे सारे ओळखीच्या अंतरावर असते. वानखेडेचा जन्म तर थेट प्रेक्षकांच्या जागांवरूनच झाला : सामन्याच्या तिकिटांच्या वाटपावरून क्रिकेट क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात बेबनाव झाला, आणि संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने नवे स्टेडियम उभे राहून जानेवारी १९७५ मध्ये तेथे पहिली कसोटी झाली, जिच्यात क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. २०११ च्या विश्वचषकापूर्वी त्याची पुनर्बांधणी होऊन आसने सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांच्या आसपास आली. उंच, जवळजवळ उभ्या सज्जांमुळे वानखेडेवर आवाज कोंडला जातो आणि उत्तरेकडच्या नॉर्थ स्टँडमधून उठलेली आरोळी क्षणात सगळीकडे पसरते. सामना ऐकण्यासाठी वानखेडेसारखे मैदान महाराष्ट्रात दुसरे नाही. शांतपणे पाहण्यासाठी मात्र ब्रेबॉर्नच बरे, जरी तेथे आता मोठे सामने क्वचितच होतात.

खालापूर आणि कर्जतच्या प्रेक्षकाला दोन्ही बाजूंची मैदाने खुली आहेत : घाट चढून गेल्यास द्रुतगती मार्गाजवळ पुण्याचे गहुंजे, आणि खाली उतरल्यास नेरूळ. गहुंजे प्रशस्त आहे, भोवतालच्या डोंगरांमुळे देखणेही आहे, पण प्रेक्षागाराच्या बऱ्याच भागावर छत नाही, आणि ऑक्टोबरच्या दुपारी ही उणीव सौंदर्यावर मात करते. येथे सूर्याचा हिशेब मांडणे आवश्यक आहे. मावळतीची किरणे फलंदाजाच्या डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून खेळपट्टी बहुधा दक्षिणोत्तर आखतात. त्याची किंमत पूर्वेच्या सज्जातील प्रेक्षक मोजतो, कारण दुपारनंतर ऊन थेट त्याच्या तोंडावर येते आणि सूर्य खाली आला की छताखालूनही आत शिरते. पश्चिमेच्या सज्जात हेच ऊन पाठीशी राहते. कसोटीच्या सकाळच्या सत्रात मात्र हा हिशेब उलटा होतो.

आपल्या परिसरातील टेनिस क्रिकेटच्या मैदानांना या तुलनेत बाजूला ठेवणे अन्यायाचे होईल. भातकापणी झाली की पाताळगंगेच्या खोऱ्यात मोकळी खाचरे सपाट करून, रोलर फिरवून, चुन्याने सीमारेषा आखून चार-पाच षटकांच्या सामन्यांच्या स्पर्धा सुरू होतात. एका बाजूला मंडप, त्यात मांडलेले चषक आणि लाउडस्पीकरवरून गोलंदाजाच्या नावाबरोबर त्याचे गावही सांगणारा समालोचक असतो. तीस-चाळीस मीटरवर बांधावर बसलेल्या माणसाला गोलंदाजाने चेंडू सोडताना मनगट मोडले की नाही हे दिसते, फटक्याचा आवाज फटक्याबरोबरच ऐकू येतो, आणि कर्णधाराने क्षेत्ररक्षकाला दबक्या आवाजात काय सांगितले तेही कळते. हे सुख नेरूळच्या सर्वांत महागड्या तिकिटातही नाही. बांधावर जे मिळत नाही ते उंची : अकराही क्षेत्ररक्षकांची मांडणी एका नजरेत घेता येत नाही.

नेरूळचे खरे वैभव या उंचीत आहे. हाफिज कॉन्ट्रॅक्टर यांनी रचलेले आणि २००८ साली सुरू झालेले हे स्टेडियम छताला आधार देणारे खांब प्रेक्षकांच्या नजरेच्या आड येणार नाहीत अशा बेताने बांधलेले आहे, आणि वरच्या सज्जातून संपूर्ण क्षेत्ररचना नकाशासारखी समोर उलगडते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना येथेच झाला. दीप्ती शर्माच्या चेंडूवर नदीन डी क्लार्कने मारलेला फटका हवेत गेला आणि हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन तो टिपला, तेव्हा भारत ५२ धावांनी विजयी झाला. अशा वेळी दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे वर जातो. वरच्या सज्जातील प्रेक्षकाला मात्र चेंडू हवेत असतानाच मागे वळून धावू लागलेली कर्णधार दिसते, आणि दोन्ही एकाच बिंदूकडे निघाले आहेत हे झेल पूर्ण होण्याआधीच उमगते. असे क्षण टिपता येणे, हेच स्टेडियमपर्यंत जाण्याचे सबळ कारण आहे.

तेव्हा मोहोपाड्याच्या वाचकासाठी उत्तर असे : दुपारी सुरू होणारा सामना असेल तर पश्चिमेच्या बाजूचे, वरच्या मजल्याचे आणि शक्य तितके सरळ रेषेकडे झुकणारे तिकीट काढावे, सामना पूर्णपणे रात्रीचा असेल तर उन्हाचा विचार सोडून सरळ रेषेतील वरची जागा घ्यावी. रात्रीचा सामना संपायला अकरा वाजून जातात; नेरूळहून पनवेलपर्यंत हार्बरची लोकल मिळाली, तरी पनवेलहून रसायनीला परतण्याच्या वाहनाची सोय सकाळीच करून ठेवावी. कबड्डीच्या मातीच्या मैदानाचा विषय पुढील आठवड्यात घेतला जाईल. खालापूर आणि कर्जत तालुक्यांतील जुन्या कबड्डी स्पर्धांची छायाचित्रे किंवा हस्तपत्रके ज्या वाचकांनी जपून ठेवली असतील, त्यांनी त्यापूर्वी तसे अवश्य कळवावे.