अणुभट्टीचें झांकण आणि तपासनिसांची नजर

पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली आणि त्यांत ताक किंवा आमटी राहिली, म्हणजे ती कळकते, हें आमच्या घरांतील स्त्रियांस रसायनशास्त्राचें एक अक्षरही न शिकतां ठाऊक असतें. आंबट पदार्थ धातूस खातो आणि खाल्लेला धातु अन्नांत उतरतो. म्हणून कल्हईचा खटाटोप. लोखंडाच्या जुन्या किटास आमचे वैद्य मंडूर म्हणतात व त्याचें भस्म करून पांडुरोग्यास देतात, तेव्हां गंज म्हणजे केवळ नाशच असेंही नाहीं. असो. भांड्याची कल्हई कोणी पाहावी, किती दिवसांनीं पाहावी, आणि पाहणारानें डोळेझांक केली तर त्यास जाब कोणी विचारावा, हे प्रश्न स्वयंपाकघरांत फारसे उद्भवत नाहींत. परंतु तेंच भांडें एखाद्या खोलीएवढें असेल आणि त्यांत युरेनियम तापत असेल, तर या प्रश्नांवर हजारों लोकांचें कुशल अवलंबून राहतें. अमेरिकेंत २००२ सालीं उघडकीस आलेली अशीच एक हकीकत आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

ओहायो राज्यांत, ईरी सरोवराच्या कांठीं, ओक हार्बर गांवाजवळ डेव्हिस-बेसी नांवाचें वीजकेंद्र आहे. तें १९७८ पासून वीज देत आलें आहे. तेथील भट्टींतलें पाणी सुमारें ३१५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतें, आणि तरीही तें उकळूं दिलें जात नाहीं. त्यासाठीं त्यावर वातावरणाच्या दीडशेंपट दाब ठेवावा लागतो. आपल्या घरच्या कुकरांत वातावरणाहून जेमतेम एकपट दाब अधिक असतो, त्याची शिटी होतांच मुलें दचकतात! या पाण्यांत बोरिक आम्ल विरघळविलेलें असतें. टांकणखारापासून निघणारें हें तेंच द्रव्य, ज्याची पांढरी पूड कॅरमच्या फळीवर भुरभुरतात. त्यांतील बोरॉन न्यूट्रॉन गिळतो, आणि त्यामुळें भट्टीचा जोर आटोक्यांत राहतो. डोळे धुण्यासही जें चालत असे, असें हें अगदीं सौम्य आम्ल. सौम्य म्हणूनच त्याच्याविषयीं कोणास धास्ती वाटली नाहीं.

भट्टीच्या भांड्याचें झांकण साडेसहा इंचांहून अधिक जाड पोलादाचें होतें. हें पोलाद गंजणारें असतें. म्हणून त्याच्या आंतल्या अंगास न गंजणाऱ्या पोलादाचें पातळ अस्तर बसविलेलें असतें. कल्हईच म्हणा ना! या झांकणांतून ६९ नळ्या आरपार गेलेल्या होत्या. त्यांतूनच भट्टी मंद करणारे दांडे वरखालीं होतात. नळ्या एका निकेलप्रधान मिश्रधातूच्या होत्या. त्यास शास्त्रज्ञ ‘मिश्रधातु ६००’ म्हणतात. हा धातु पुष्कळ वर्षें उष्ण पाण्यांत ताणाखालीं राहिला म्हणजे त्यास केसासारख्या भेगा पडतात, हें अनुभवानें कळून आलें. अशी भेग आरपार गेली कीं आंतलें पाणी थेंबाथेंबानें झांकणाच्या वर झिरपतें, त्याची तत्काळ वाफ होते आणि पांढरी पूड मागें उरते. तापलेल्या झांकणावर ही पूड कोरडीच राहील, आणि कोरडी पूड पोलादास कांहीं करीत नाहीं, अशी तज्ज्ञांची समजूत होती. समजूत तेवढ्यापुरती खोटी नव्हती. परंतु भेगेंतून पाणी सतत येऊं लागलें म्हणजे तेथील जागा निवते, पूड ओली राहते, आणि आटून आटून तीव्र झालेलें आम्ल पोलाद चरूं लागतें. आंतून अस्तर आणि वरून उघडें पोलाद. म्हणजे शत्रु आला तो बिनकल्हईच्या बाजूनें.

हें सारें कोणाच्याच नजरेस पडलें नाहीं काय? पडलें, आणि पुष्कळ वेळां पडलें. इमारतींतील हवा तपासणाऱ्या यंत्राचे गाळणे पूर्वीं महिनोन्महिने टिकत, ते १९९९ च्या सुमारास एका दिवसाआड बदलावे लागूं लागले. त्यांत सांपडलेली धूळ लोखंडाच्या गंजाची होती. हवा थंड करणाऱ्या यंत्रांवर बोरिक पुडीचीं पुटें चढत, तीं वारंवार धुवावीं लागत. २००० सालच्या दुरुस्तींत घेतलेल्या एका छायाचित्रांत झांकणाच्या कडेच्या लहान झरोक्यांतून तांबूस ओघळ उतरलेले स्पष्ट दिसतात. पांढरी पूड तांबडी कां व्हावी, हा प्रश्न शाळेंतील मुलासही सुचला असता. परंतु या केंद्रांत नळ्यांच्या वरच्या जोडांतूनही थोडी गळती होत असे, तेव्हां सारें खापर त्या जोडांवर फुटलें. झांकण नीट पाहतां यावें म्हणून वरच्या आवरणास मोठीं भोकें पाडण्याची सूचना कित्येक वर्षें पुढें ढकलली जात होती. भोंवतीं झरोके लहान, मधला भाग दिसण्यास कठीण. दिसलें तेवढें धुतलें आणि बाकीचें तसेंच राहिलें.

आतां तपासनिसांकडे वळूं. अमेरिकेंत पूर्वीं अणुशक्तीचा प्रसार करणें आणि तिच्यावर देखरेख ठेवणें हीं दोन्ही कामें एकाच आयोगाकडे होतीं. माल विकणारा तोच आणि वजन तपासणाराही तोच, असा तो प्रकार होता. १९७४ च्या कायद्यानें तीं कामें तोडलीं, व १९७५ च्या जानेवारींत न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशन म्हणजे अणु नियामक आयोग काम करूं लागला. प्रत्येक केंद्रांत या आयोगाचे निवासी तपासनीस कायम राहतात. आमच्याकडील शाळातपासणीप्रमाणें आधीं तारीख कळवून येणारे, आणि म्हणून नवीं हजेरीपत्रकें व सारवलेलें अंगण तेवढें पाहून परतणारे, हे नव्हेत. नियमांचाही तुटवडा नव्हता. फ्लॉरिडांतील टर्की पॉइंट केंद्रांत १९८७ सालीं झांकणावर बोरिक पुडीचे ढीग सांपडले व त्याखालीं पोलाद झिजलेलें दिसलें. त्यावरून १९८८ सालीं आयोगानें सर्व केंद्रांस पत्र पाठवून आम्लाच्या गळतीवर नजर ठेवण्याची पद्धत घालून देण्यास बजावलें होतें. म्हणजे डेव्हिस-बेसीचें झांकण जेव्हां चरलें जात होतें, तेव्हां तें चरलें जाऊं नये यासाठींचा कागद कपाटांत दहा-बारा वर्षांचा जुना झाला होता.

२००१ सालीं दक्षिण कॅरोलायनांतील ओकोनी केंद्रांत नळीच्या भोंवतीं वर्तुळाकार भेग आढळली. अशी भेग पुरी झाली तर दीडशें वातावरणांचा दाब नळी बाणासारखी बाहेर फेकील. ऑगस्ट महिन्यांत आयोगानें सर्व संबंधित केंद्रांस लिहिलें, आणि ज्यांना धोका अधिक त्यांनीं ३१ डिसेंबरपूर्वीं तपासणी करावी असें सुचविलें. डेव्हिस-बेसीच्या चालकांस भट्टी मार्चअखेर, इंधन बदलण्याच्या ठरल्या वेळेपर्यंत, चालवावयाची होती. मागील तपासण्या व्यवस्थित झाल्याचें त्यांनीं लिहून कळविलें. तें लिहिणें अपुरें व चुकीचें होतें हें पुढें सिद्ध झालें. आयोगाच्या अधिकाऱ्यांनीं भट्टी बंद करण्याच्या हुकुमाचा मसुदाही तयार केला होता. तो निघाला नाहीं. घासाघीस होऊन १६ फेब्रुवारी २००२ ही तारीख ठरली.

ठरल्या दिवशीं भट्टी थांबली. मार्चच्या पहिल्या आठवड्यांत तीन नंबरच्या नळीची दुरुस्ती चालली असतां ती नळी एकाएकीं एका अंगास कलली. साडेसहा इंच पोलादांत रोवलेली नळी कलते कशी? पूड खरवडून पाहिली तों झांकणास एक मोठा खळगा पडलेला. त्या जागचें पोलाद नाहींसें होऊन खालीं केवळ तें अस्तर, अर्ध्या इंचाहूनही कमी जाडीचें, सारा दाब झेलीत उरलेलें होतें, आणि तेंही किंचित फुगलें होतें. तें फाटतें तर कढत पाण्याचा लोट इमारतींत घुसून भट्टी थंड ठेवणाऱ्या संकटकालीन यंत्रणेची कसोटी लागली असती. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, शोध चालला होता भेगांचा; खळगा असेल हें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.

पुढें चौकशा झाल्या. आयोगाच्याच महानिरीक्षकानें २००२ च्या डिसेंबरांत असा अहवाल दिला कीं, मुदत वाढवून देण्यांत कंपनीचें आर्थिक नुकसान कमी व्हावें या इच्छेचा मोठा वांटा होता. आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांस हा निष्कर्ष मान्य झाला नाहीं. आमच्या मतें महानिरीक्षकाचें म्हणणें अधिक सयुक्तिक आहे. परंतु आयोगाच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, त्यापुढें ठेवलेले कागदच खोटें बोलत होते. तपासनिसानें कागद वाचावा, झांकण पाहूं नये, ही रीत मात्र त्याची स्वतःची होती. वाढवून मिळालेल्या त्या साडेसहा आठवड्यांपुढें खर्च पाहा: भट्टी मार्च २००४ पर्यंत, दोन वर्षें, बंद राहिली, दुरुस्ती व बाहेरून घेतलेली वीज मिळून सुमारें ६० कोटी डॉलर गेले, २००५ सालीं ५४ लाख ५० हजार डॉलर दंड बसला, आणि २००६ सालीं सरकारी खटल्याच्या तडजोडींत आणखी २ कोटी ८० लाख डॉलर भरावे लागले.

२००३ च्या फेब्रुवारींत आयोगानें हुकूम काढला, आणि उघड्या झांकणाची प्रत्यक्ष पाहणी व नळ्यांची ध्वनिलहरींनीं तपासणी ही विनंती न राहतां सक्ति झाली. पुष्कळ केंद्रांनीं झांकणेंच बदलून ‘मिश्रधातु ६९०’ च्या नळ्या घेतल्या. त्यांत क्रोमियम जवळ जवळ दुप्पट असल्यामुळें भेगा सहसा पडत नाहींत.

आमच्या महाराष्ट्रास हा विषय परका नाहीं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. त्या वेगळ्या जातीच्या. त्यांत पाणी भट्टींतच उकळतें व नेहमींच्या कामीं बोरिक आम्ल त्यांत नसतें. परंतु ताणानें व पाण्यानें नळांस भेगा पडणें हा त्या जातीचाही जुना रोग आहे. देखरेखीसाठीं अणुऊर्जा नियामक मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजीं स्थापन झालें, त्याची कचेरी मुंबईंतच आहे. या मंडळास कायद्याचें स्वतंत्र अधिष्ठान नाहीं, असा शेरा भारताच्या महालेखापरीक्षकांनीं २०१२ सालीं मारला होता. विकणारा व तोलणारा यांची फारकत हा प्रश्न ओहायोपुरता नाहीं, हें त्यावरून दिसेल.

डेव्हिस-बेसीस बसविलेलें दुसरें झांकण मिशिगन राज्यांतील मिडलंड येथील अर्धवट सोडलेल्या केंद्रांतून आणलें होतें, आणि त्याच्याही नळ्या जुन्याच धातूच्या होत्या. २०१० सालीं, म्हणजे अवघ्या सहा वर्षांत, त्यांस भेगा पडलेल्या आढळल्या. या वेळीं त्या वेळेवर सांपडल्या, कारण आतां पाहणें भागच होतें. २०११ सालीं नव्या धातूच्या नळ्यांचें तिसरें झांकण बसलें, आणि २०१५ च्या डिसेंबरांत आयोगानें त्या केंद्राचा परवाना २०३७ पर्यंत वाढवून दिला.