दोर धरणारा

धायरेश्वराच्या टेकडीवरून खाली पाहिले, तर एके काळी जेथे शेते आणि विहिरी होत्या तेथे आता इमारतींची दाटी दिसते. धायरी गाव 2017 साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. परंतु इमारती त्याच्या कितीतरी आधी येऊन बसल्या होत्या, आणि त्यांतील अनेकांनी झटपट सावलीच्या लोभाने आपल्या कुंपणाशी गुलमोहर लावला होता. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष लवकर वाढतो आणि वैशाखात डोळे दिपवील असा फुलतो खरा, पण त्याची मुळे वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. आमच्या सोसायटीतील पंचवीसेक वर्षांच्या गुलमोहराची एका अंगाची मुळे सांडपाण्याचा चर खणताना तुटली, उरलेल्यांवर सिमेंटचे ठोकळे बसले, पुढे बुंध्याशी अळंबी उगवली, आणि यंदाच्या वळवात ते अवघे झाड विजेच्या तारांकडे कलले.

1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यान्वये शहरातील माणसाला स्वतःच्या अंगणातले झाडदेखील वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. अर्ज, पाहणी आणि लेखी हुकूम असे सोपस्कार पार पडल्यावर एका सकाळी मुकादम आपली पाच माणसे घेऊन आला. दहा वाजता विजेचा प्रवाह बंद करण्यात आला. लिफ्ट थांबली, पाण्याचा पंप थांबला, आणि तेव्हापासून आम्हां रहिवाशांचे लक्ष झाडापेक्षा घड्याळाकडेच अधिक लागले.

मुकादमाने मात्र पहिला तासभर करवतीला हातच लावू दिला नाही. कोयत्याच्या पाठीने त्याने बुंधा चहूबाजूंनी ठोकून पाहिला. एका बाजूला आवाज ठणठणीत आला, आणि अळंबीच्या बाजूला बद्द. खोड आतून पोखरले आहे हे कळताच त्याने दोन जाड दोर खोडाच्या वरच्या अंगाला बांधून पलीकडच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ताणून घेतले, खालच्या गाड्या हलवविल्या, फाटकाशी एक माणूस उभा केला, आणि कोणती फांदी कोणत्या क्रमाने कोठे उतरावयाची हे बोटाने हवेत रेघा ओढून प्रत्येकाकडून वदवून घेतले. न राहवून मी म्हटले, "मशीन आणलंय ना? मग एवढा वेळ?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "काका, मशीन दोन मिनिटांत फांदी सोडवतं. ती उतरवायची कुठं, हे ठरायला वेळ लागतो."

या उत्तरातील मर्म उमजण्यास थोडे गणित पुरे होते. चाळीस सेंटिमीटर जाडीचा आणि एक मीटर लांबीचा ओला ओंडका शंभर किलोंच्या आसपास भरतो. दहा मीटरांवरून तो सुटला तर दीड सेकंदाच्या आत, ताशी सुमारे पन्नास किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो. एवढ्या अवधीत वरच्याने हाक द्यावी, खालच्याने ती ऐकावी आणि बाजूला व्हावे, हे मनुष्यदेहाला साधणारे नाही. म्हणून जी खबरदारी घ्यावयाची ती फांदी वर असतानाच.

वर चढलेल्या तरुणाच्या कमरेला पट्टा होता, आणि कापताना तो एक नव्हे, दोन दोरांनी स्वतःला बांधून घेई. कारण ज्या दात्यांनी फांदी कापावयाची, तेच आपला दोरही निमिषार्धात कापू शकतात. तारांवर आलेल्या फांदीला त्याने दोर बांधला, तो वरच्या बेचक्यातून खाली सोडला, आणि खाली उभ्या असलेल्या, वयाने सर्वांत वडील अशा गड्याने त्या दोराचे कडुनिंबाला तीन वेढे दिले. वेढ्यांच्या घर्षणामुळे स्वतःच्या वजनाहून जड फांदीदेखील तो दोन हातांनी तोलून धरू शकत होता. वरच्याने आधी खालून उथळ काप घेतला, जेणेकरून फांदी मोडताना खोडाची साल सोलीत जाऊ नये. मग त्याने मशीन थांबविले आणि खाली पाहिले. "आवळ!" दोर ताठ झाला. "घे!" अशी खालून हाक आली, तेव्हाच वरचा काप सुरू झाला. फांदी कर्रकर्र करीत मोडली, वीतभर झोका घेऊन थबकली, आणि वेढे सरकत गेले तशी पाळण्यातून मूल उतरवावे इतक्या अलगद अंगणात टेकली.

त्या दिवशी मला जे उमगले ते हेच, की या कामाची गती वरच्याच्या हाती नसते, ती दोर धरणाऱ्याच्या हाती असते. करवत कितीही तेज असो, खालची फांदी ओढून जागा मोकळी झाल्यावाचून वरची फांदी सुटता कामा नये. बुंधा पोकळ, म्हणून दोराला हिसका बसेल असा मोठा तुकडा मुकादम काढूच देत नव्हता. "एकदम मोठी फांदी घ्या की!" असा पुकारा गच्चीवरून झाला, तेव्हा त्याने वर मानसुद्धा केली नाही.

मधेच एक पोरगेला मजूर हाक येण्यापूर्वीच डहाळ्या ओढावयास फांद्या उतरण्याच्या जागेत शिरला. मुकादमाने हात वर केला, मशीन बंद झाले, आणि सगळे काम दहा मिनिटे थांबले. तो रागे भरला नाही; त्या पोराला त्याने दोर धरणाऱ्याशेजारी नुसते उभे केले आणि दोन फांद्या उतरताना पाहावयास लावले.

चहाच्या वेळी त्याने मला आपला हिशेबही सांगितला. काम तो उक्ते घेतो, पण माणसे मात्र रोजावर ठेवतो. माणसेच उक्त्यावर ठेवली तर प्रत्येकाला घरी जाण्याची घाई होते, आणि ती घाई दोरात उतरते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तो कित्येक दिवस पडलेली झाडे कापीत होता. उभ्या झाडापेक्षा पडलेले झाड कपटी, असे तो म्हणे. दबून वाकलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते, आणि ती कापताच कोणीकडे उसळेल याचा नेम नसतो. रस्ते मोकळे करण्याची सर्वांनाच निकड होती, पण ताण कोणत्या बाजूला आहे हे पाहिल्यावाचून त्याने एकही काप घेऊ दिला नाही.

अडीचच्या सुमारास पुरुषभर उंचीचे खोड तेवढे उरले. पडावयाच्या बाजूला पाचरीच्या आकाराची खाच घेतली गेली, आणि मागचा काप खाचेच्या किंचित वर आला. दोहोंच्या मध्ये लाकडाची अरुंद पट्टी राखली होती. दाराची बिजागरी दार फिरविते तशी ती पट्टी खोडाला दिशा देते. खोड नेमक्या रेषेवर पडले. उघड्या पडलेल्या बुंध्यात भुसा झालेले काळपट लाकूड होते आणि मूठ सहज जाईल एवढी पोकळी.

वीज सुरू करण्यास सांगा, असा गलका आता चोहीकडून उठला. मुकादमाने प्रथम माणसे मोजली, मग दोर, मग कोयते. तारेच्या आसपास कोणी नाही, काही लोंबकळत नाही, हे स्वतः फिरून पाहिले. पाच मिनिटे गेली असतील. सकाळचा मी असतो, तर त्यालाही हटकले असते. मग त्याने दोर धरणाऱ्याकडे पाहिले, त्याने मान डोलावली, आणि तेव्हा कोठे वायरमनला इशारा गेला.