पाबळचा विज्ञान आश्रम

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्याच्या पश्चिम अंगास वसलेले पाबळ हे गाव इतिहासाच्या वाचकास परिचित असते ते मस्तानीच्या कबरीमुळे. पहिल्या बाजीरावाने तिला लावून दिलेल्या गावांत पाबळचीही गणना होती, आणि आजही वाट वाकडी करून तेथे जाणारा प्रवासी बहुधा त्या कबरीचीच चौकशी करतो. मुलूख पर्जन्यछायेचा, जमीन हलकी, पावसाचा भरवसा नाही. अशा या गावाची निवड डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली आपल्या शैक्षणिक प्रयोगासाठी केली, ती त्याच्या इतिहासामुळे नव्हे, तर त्यात अंगचे असे काहीच विशेष नव्हते म्हणून. कालव्याच्या पाण्याने समृद्ध झालेल्या किंवा कारखान्याच्या आश्रयाने वाढलेल्या गावात एखादी गोष्ट यशस्वी झाली तर ते यश पाण्याचे की कारखान्याचे, हा प्रश्न उरतोच. अवर्षणग्रस्त, सर्वसाधारण गावात जे तग धरील ते इतरत्रही धरील, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

कलबाग हे पेशाने शास्त्रज्ञ. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आल्यावर त्यांनी म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात दीर्घकाळ काम केले. आणि वयाची पन्नाशी उलटल्यावर, ज्या वयात माणूस निवृत्तिवेतनाचे आकडे मांडू लागतो त्या वयात, नोकरी सोडून ते पत्नी मीराताईंसह पाबळला जाऊन राहिले. त्यांनी स्थापन केलेला विज्ञान आश्रम हा पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे एक केंद्र म्हणून सुरू झाला. हा संबंध केवळ कागदोपत्री नव्हता. ती संस्था १९४८ साली जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेली. आणि तेच नाईक १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, ज्या आयोगाने प्रत्येक शालेय इयत्तेत कार्यानुभवाचा अंतर्भाव व्हावा अशी शिफारस केली. त्याच्याही मागे १९३७ सालची वर्ध्याची परिषद आणि गांधीजींची नई तालीम. म्हणजे हाताने शिकण्याचा विचार या देशात काही नवा नव्हता. दुर्दशा झाली ती अंमलबजावणीची. कार्यानुभवाचे आपल्या शाळांत काय झाले हे त्या काळात शिकलेल्या कोणालाही विचारावे: क्रेप कागदाची फुले, आइस्क्रीमच्या काड्यांचे पेनस्टँड आणि वर्षअखेरीस घाईघाईने भरलेली वही. काम असे नव्हतेच. अनुभव कुठला असणार?

कलबागांच्या प्रयोगाचे मोल कळण्यासाठी आधी ज्या मुलांसाठी तो होता त्यांची अवस्था ध्यानी घेतली पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा या वयाच्या मुलाला शाळेचा अधिकार दिला. बालकामगारविषयक कायद्याने, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, चौदा वर्षांखालील मुलाला, घरच्या कामाचे आणि अभिनयाचे अपवाद वगळता, कामास ठेवण्याची मनाई केली, आणि चौदा ते अठरा या वयाच्या मुलाला धोक्याच्या कामांपासून दूर ठेवले. दोन्ही तरतुदी रास्तच आहेत. परंतु चौदाव्या वर्षी ज्याचा शाळेवरील हक्क संपतो आणि अठराव्या वर्षापर्यंत ज्याला धोक्याच्या कामाला हात लावता येत नाही, त्याने मधली चार वर्षे कोठे काढावीत याविषयी कायदा मौन पाळतो. सुस्थितीतल्या घरात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण ती चार वर्षे शिकवणी आणि महाविद्यालय यांत सुखाने जिरून जातात. प्रश्न उद्भवतो तो गणितात वा इंग्रजीत नापास होऊन घरी बसलेल्या शेतमजुराच्या मुलाचा, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलीचा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना १९५० पासून देशात आहे, पण तिच्या बहुतेक चांगल्या व्यवसायांना दहावी उत्तीर्णाचा दाखला लागतो. म्हणजे ज्याला दाखला मिळाला नाही म्हणून हुन्नराची गरज, त्याच्याकडेच हुन्नरासाठी दाखला मागितला जातो.

पाबळला दाखला आडवा येत नाही. मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम तेथे आहे, आणि शाळा सोडलेल्या मुलामुलींसाठीच तो मुख्यतः योजलेला आहे. त्याचे चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. विद्यार्थ्याने चारही विभागांतून जायचे असते, आणि आश्रमाचे वेगळेपण येथेच आहे. शहरातला प्रशिक्षणार्थी एकच व्यवसाय शिकून जोडारी किंवा वीजतंत्री होतो, कारण शहरात त्या एकाच कामाला बारा महिने गिऱ्हाईक मिळते; पाच-सहा हजार वस्तीच्या गावात नुसते वेल्डिंग करणाऱ्याचे पोट भरत नाही. तेथे तोच माणूस सकाळी पंपाची मोटर पाहतो, दुपारी गोठ्याचा पत्रा ठोकतो, आणि हंगामात कोंबड्यांच्या पिलांना लस टोचतो. गावगाड्यातील बलुतेदार एकेका हुन्नराला जन्माने बांधलेला होता. आश्रमाने हुन्नर अनेक केले आणि ते जातीपासून सोडवले. सर्वांगीण शिक्षणाचा गौरव करणाऱ्या भाषणांहून हा साधा आर्थिक विचार मला अधिक पटतो.

दुसरे तत्त्व त्याहून कडक आहे. शिकताना केलेले काम गिऱ्हाइकाचे असावे, खरे असावे, आणि त्याचे दाम घ्यावे. गावातला कोणी शेतकरी गोठ्यासाठी लोखंडी फाटक करून मागतो असे समजा. मुले टेप घेऊन जागेवर जातात, माप घेतात, कागदावर आकृती काढतात आणि एस्टिमेट करतात: अँगल किती किलो लागेल, कापताना तुकडे किती वाया जातील, वेल्डिंगच्या रॉड किती, वीज किती, मजुरी किती, आणि यंत्राचा घसारा किती. हा घसाऱ्याचा आकडा पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मांडावा लागणे हेच मोठे शिक्षण आहे; आपल्या खेड्यांतले कितीतरी छोटे कारखाने तो न मांडल्यामुळे, म्हणजे यंत्र झिजते हे हिशेबात न धरल्यामुळे, चार-पाच वर्षांत बंद पडतात. मग अँगल कापून फरशीवर चौकट मांडायची. ती काटकोनात आहे की नाही हे नुसता गुण्या लावून भागत नाही, कारण कोपऱ्यावरचा केसभर फरक सहा फुटांवर बोटभर होतो. म्हणून समोरासमोरचे दोन्ही कर्ण मोजायचे, आणि ते समान येईपर्यंत चौकट हलक्या हाताने ठोकून सरळ करायची. त्यानंतरही एकदम पूर्ण जोड भरायचा नाही. आधी चारही कोपऱ्यांना टॅक मारायचे, पुन्हा कर्ण मोजायचे, आणि मग एका कोपऱ्यानंतर समोरचा असा क्रम धरून वेल्डिंग करायचे. कारण तापलेला जोड निवताना आकसतो आणि एका बाजूने घाई केली तर सबंध चौकट ओढून वाकडी करतो. शेवटी छोट्या हातोडीने स्लॅग झाडून पाहिले की खाली सलग रेघ दिसते किंवा चाळणीसारखी छिद्रे दिसतात, आणि ती छिद्रे परीक्षकाच्या आधी गिऱ्हाइकाला दिसतात.

भूमितीच्या सिद्धांतांपाशी अडलेला मुलगा येथे आयताचे कर्ण समान असतात हा सिद्धांत बिनबोभाट वापरतो खरा. परंतु यावरून त्याला भूमिती येऊ लागली असा भाबडा निष्कर्ष काढू नये. त्याला एवढेच कळते की चूक ही गुणपत्रिकेत पुरली जात नाही, ती फाटकात दिसते आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. माझ्या मते ही जाणीव भूमितीहून कमी नाही.

गृह व आरोग्य विभागात मुलगेही स्वयंपाक करतात, खाद्यपदार्थ टिकवण्याच्या रीती शिकतात आणि रक्ततपासणी शिकतात. काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेऊन त्यांत वेगवेगळी प्रतिद्रव्ये मिसळायची, कोठे गुठळी धरते ते पाहून रक्तगट सांगायचा, हिमोग्लोबिन मोजायचे. गावातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या ‘थकवा’ म्हणून जे सोसत आल्या त्याला आकडा मिळतो. उलट मुली अभियांत्रिकी विभागात काळी काच लावून वेल्डिंगला बसतात. आरंभी घरच्यांनी याला हरकत घेणे स्वाभाविक. परंतु सर्वांनाच सर्व विभागांतून जावे लागत असल्याने अपवाद कोणासाठी करावा हा वादच निघत नाही. नियमाचा असा उपयोग उपदेशाहून अधिक होतो.

आश्रमात तंत्रज्ञान शिकवले जाते तसे घडवलेही जाते. पाणाड्याच्या नारळावर विसंबण्याऐवजी जमिनीत विद्युतप्रवाह सोडून तिचा रोध मोजायचा आणि पाण्याचा अंदाज बांधायचा, ही सेवा आश्रमाने शेतकऱ्यांना दिली. जीपचे सुटे भाग घेऊन ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर केला. लोखंडी त्रिकोण जोडून उभारलेला, वर जाळी व सिमेंटचा लेप दिलेला भूमितीय घुमट तर ‘पाबळ डोम’ या नावानेच ओळखला जातो. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जड माळवदांचा धसका घेतलेल्या महाराष्ट्राला अशा हलक्या, न कोसळणाऱ्या घराचे महत्त्व निराळे सांगावे लागले नाही. आणि २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपल्याबाहेरची पहिली ‘फॅब लॅब’, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने कापणारी-कोरणारी यंत्रशाळा, स्थापली ती या गावी. पुढील वर्षी कलबाग निवर्तले. आश्रम चालू राहिला.

एका आश्रमात एका वर्षी किती मुले राहणार? अवसर वाढवायचा तर इमारती वाढवून तो वाढत नाही, हे कलबागांनी प्रारंभीच ओळखले होते. म्हणून त्याच चार विभागांचा एक अभ्यासक्रम, ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने, त्यांनी ऐंशीच्या दशकातच पाबळच्या विद्यालयात सुरू केला: आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस कामासाठी द्यायचा, शिकवायला गावातलेच कसबी लोक घ्यायचे, आणि कामही गावाचेच करायचे. राज्याच्या माध्यमिक मंडळाने त्यास विषयाची मान्यता दिली, अन्य संस्थांनी तो उचलला, आणि तो शंभराहून अधिक शाळांत पोहोचला. शाळेबाहेर पडल्यावर मुलाला शोधण्यापेक्षा तो बाहेर पडण्याच्या आधीच त्याच्या हाती काम देणे कितीतरी स्वस्त पडते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावीपासून व्यवसायशिक्षणाची ओळख आणि दहा ‘दप्तरविरहित’ दिवस सुचवले आहेत. एकोणीस ते चोवीस या वयोगटातील पाच टक्क्यांहूनही कमी भारतीय कामकऱ्यांना रीतसर व्यवसायशिक्षण मिळाल्याची, आणि जर्मनीत हेच प्रमाण पंचाहत्तर टक्के असल्याची नोंदही त्याच धोरणात आहे.

पण वर्षातून दहा दिवस आणि दर आठवड्याला एक दिवस यांत अंतर आहे. दहा दिवसांत कुंभाराचे चाक पाहता येते. फाटक होत नाही. शिवाय हे शिक्षण नापासांसाठी, गरिबांसाठी, असे एकदा ठरले की त्याला दुय्यमपणाचा शिक्का बसतो, आणि हुशार म्हणवणारी मुले त्या दिवशी शिकवणीला जातात. पाबळच्या शाळेतील योजनेत तो दिवस वर्गातल्या सर्वांचा असतो, हे म्हणूनच मला त्यातले कळीचे कलम वाटते.

बाकी अडचणी नित्याच्या आहेत. यंत्रसामग्रीसाठी अनुदान मंजूर होते, समारंभाने वेल्डिंग यंत्र बसते. रॉड, सिमेंट, बी-बियाणे, लस या दरमहा संपणाऱ्या जिनसांसाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो. आणि गावातला जो गवंडी किंवा सुतार शिकवायला येतो त्याच्याकडे पदवी नसते, म्हणून त्याला शिक्षकाच्या वेतनश्रेणीत बसवता येत नाही, आणि मानधनाची रक्कम त्याच्या एका दिवसाच्या रोजंदारीला गाठत नाही. मग लग्नसराईत किंवा बांधकामाच्या हंगामात तो शाळेकडे फिरकत नाही, आणि कार्यशाळेची किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलात पडून राहते.