सिस्टर, तुमचं बाळ असतं तर?

ऑफिसात तुमच्यापुढे येणारा ‘एथिकल’ पेच साधारण असा असतो : बॉसच्या प्रेझेंटेशनमधला आकडा चुकीचा आहे, बोलायचं की गप्प बसायचं? आमच्याकडेही प्रश्न हाच. फरक इतकाच, की आमचा आकडा ८०० ग्रॅमचा असतो आणि तो श्वास घेत असतो!

मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे. ३७ आठवडे भरायच्या आत आलेलं बाळ ‘प्रीमॅच्युअर’. २०२० साली भारतात अशी सुमारे ३० लाख बाळं जन्मली, जगात सर्वांत जास्त. काही तर २६व्या आठवड्यातच हजर होतात. नाव ठेवायलाही सवड नाही, म्हणून फाईलवर नुसतं ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव.

बरीच बाळं छान घरी जातात. झोप उडवतात ती बाकीची. मेंदूत मोठा रक्तस्राव झालेलं, तिसरा आठवडा व्हेंटिलेटरवर असलेलं बाळ घ्या. डॉक्टर राऊंड घेऊन जातात, आईबाबा ठरलेल्या वेळी भेटून जातात. टाचेत सुई टोचली की त्याचा चेहरा कसा आक्रसतो, हे अख्खी शिफ्ट बघते ती सिस्टर. १९८०च्या दशकापर्यंत ‘एवढ्याशा बाळाला कुठे दुखतंय’ असं मानून पुरेशी भूल न देता ऑपरेशनं व्हायची. आज माहीत आहे, दुखतं. मग हे उपचार की छळ? ऑर्डर दुसऱ्याची, सुई धरणारे हात मात्र माझे.

कधी उलटंच. बाळ सुधारतंय, पण घरचे पैसे संपलेत. बाबा ‘डामा’च्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या कागदावर सही करतात. मागून एखादी आजी पुटपुटते, ‘मुलगीच आहे ना...’ नळ्या काढायच्या कोणी? मीच.

योग्य काय ते कळतं, पण करता येत नाही, या घुसमटीला अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली ‘मॉरल डिस्ट्रेस’ असं नाव दिलं. ते नर्सेसबद्दलच लिहीत होते. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१८ साली काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवायला मान्यता दिली, २०२३ साली प्रक्रिया सोपी केली. पण ते ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळात डॉक्टर असतात. सिस्टरला खुर्ची नाही.

‘सिस्टर, तुमचं बाळ असतं तर?’ हा प्रश्न येतोच. उत्तर दिलं तर मर्यादा ओलांडली, गप्प बसले तर त्या माणसाला एकटं सोडलं. मी एवढंच सांगते, की आज बाळाला किती त्रास झाला आणि कशाने ते शांत झालं. टोचण्याआधी जिभेवर आईच्या दुधाचे थेंब दिले, की दुखणं कमी होतं. आईच्या उघड्या छातीवर ठेवायची ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. अगदी लहान बाळांनाही ती जन्मानंतर लगेच द्यावी, असं डब्ल्यूएचओने २०२२ साली सांगितलं.

तुमच्यावर किंवा मित्रावर ही वेळ आलीच, तर डॉक्टरांबरोबरच्या मीटिंगला सिस्टरलाही बोलवा, असं बिनधास्त सांगा. तिला ‘वाचेल का?’ विचारू नका. ‘त्याला त्रास होतोय का?’ विचारा. याचं उत्तर तिच्याइतकं कोणाकडेच नसतं.