गेम्सचा अनुशेष

नवे गेम घ्यायला पैसे लागतात. जुने संपवायला काय लागतं? वीकेंडला कपाट आवरावं तसे जुने व्हिडिओ गेम उपसायला बसलेल्या एका फ्रीलान्सरची ही गोष्ट.

‘अनुशेष’ हा शब्द आपल्याला भेटतो तो पेपरात. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकरभरतीचा अनुशेष. समित्या बसतात, अहवाल येतात आणि अनुशेष आपला जिथल्या तिथे. माझ्याकडेही असा एक अनुशेष आहे, व्हिडिओ गेम्सचा. मध्यंतरी मोजला तेव्हा आकडा निघाला ११२. त्यातले ७१ गेम मी विकत घेतल्यापासून एकदाही उघडलेले नव्हते!

हसू नका. तुमच्याकडे गेम नसतील, तर प्रदर्शनातून आणलेली पुस्तकं असतील, ‘नंतर बघू’ म्हणून ठेवलेल्या सीरियल्स असतील. प्रकार एकच.

माझा साठा झाला तो सेलमुळे. स्टीम या ऑनलाइन दुकानाने २०१५मध्ये रुपयांत किमती लावायला सुरुवात केली आणि आमच्यासारख्या पॉकेटमनीवाल्यांचं फावलं. एरवी दोन-अडीच हजारांचा गेम सेलमध्ये एका पिझ्झ्याच्या भावात. कोण सोडणार? घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. खेळायला वेळ मिळेल तेव्हा मिळेल, भाव तर मिळाला!

यात मी एकटी नाही, हे वाचून जरा बरं वाटलं. स्टीमने २०२४च्या अखेरीस वर्षाचा हिशेब जाहीर केला, त्यात लोकांच्या एकूण खेळण्यातला फक्त १५ टक्के वेळ त्या वर्षी आलेल्या नव्या गेम्सवर गेला होता. ३७ टक्के वेळ आठ वर्षं किंवा त्याहून जुन्या गेम्सवर. (आता त्यात वर्षानुवर्षं काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांचा वाटा मोठा असणार, हे खरं. पण तरीही!)

माझ्या ओळखीचा एक आयटीवाला हाच अनुशेष एक्सेलमध्ये भरून काढतोय. गेमचं नाव, लागणारे तास, संपल्याची तारीख, हिरवा रंग. परवा सांगत होता, ‘वीकेंडला दोन उडवले.’ त्यातला एक होता २००७चा ‘पोर्टल’. जेमतेम तीन तासांचा, पण भिंतीला भोक पाडून दुसऱ्याच भिंतीतून बाहेर पडायचं म्हटल्यावर डोकं गरगरायला लावणारा. त्याने तो अडल्या जागी लगेच उत्तरं बघत, कानात पॉडकास्ट लावून संपवला. मला हे काही झेपत नाही. सोमवार ते शुक्रवार टार्गेट, आणि शनिवार-रविवार पुन्हा टार्गेट? मग अप्रायझल पण घ्या!

‘मागून आला, मागून आला!’

माझ्या यादीची सुरुवात मी केली ती ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’पासून. २००३चा गेम. आमच्या साताऱ्याच्या घरी तो आला तेव्हा मी शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत असेन. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, त्यामुळे कीबोर्ड त्याचा. माझं काम शेजारी स्टुलावर बसून ‘मागून आला, मागून आला!’ असं ओरडण्याचं. भावंडांत धाकटं असणाऱ्या कित्येकांनी गेम असेच ‘खेळलेत’. अख्खा गेम तोंडपाठ, पण बोटं कधी लागलेली नाहीत.

त्यामुळे वीसेक वर्षांनी हा गेम हातात आला तेव्हा जाम गंमत झाली. गोष्ट सुरू होते एका हिंदुस्थानी महाराजाच्या महालावरच्या हल्ल्याने. राजपुत्राच्या हाती एक खंजीर लागतो, तो वापरला की काळ काही सेकंद मागे जातो. उडी चुकली? मागे या. सापळ्यात सापडलात? मागे या. फक्त खंजिरातली वाळू संपली की संपलं. लहानपणी मला ही फक्त जादू वाटायची. आता लक्षात आलं, की आख्खा गेम म्हणजे राजपुत्राने सांगितलेली गोष्ट आहे. तुम्ही मेलात, तर तो मध्येच थांबून, छे छे, असं नव्हतं झालेलं, असं म्हणत गोष्ट दुरुस्त करतो. आजी गोष्ट सांगताना मध्येच चुकली की करायची ना, अगदी तस्सं.

जुनेपण जाणवतं, नाही असं नाही. कॅमेरा हट्टी आहे, ऐन उडीच्या वेळी भिंतीकडे तोंड करून बसतो. मारामाऱ्या तर सरळ लांबलेल्या आहेत, तोच शत्रू दहा वेळा उठून येतो. आजच्या रुंद स्क्रीनवर चित्र नीट बसवायला अर्धा तास खटपट करावी लागली. पण भिंतीवरून धावत जाऊन खांबाला लटकायचं, तिथून समोरच्या कठड्यावर उडी, यातली लय आजही कसली सही आहे!

या धावण्यामागे एक सुंदर गोष्ट आहे. १९८९चा मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ जॉर्डन मेकनर या तरुणाने जवळपास एकट्याने केला. माणूस खरा पळताना दिसावा म्हणून त्याने १९८५मध्ये आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेका फ्रेमवरून चित्रं काढली. म्हणजे तिथे धाकटा पळत होता आणि मोठा बघत होता. आमच्या घरात उलटं होतं.

सेव्ह नाही, माफी नाही

दुसरा गेम निवडला ‘प्रोजेक्ट आयजीआय’. हे नाव वाचून तुमच्यापैकी निम्म्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं असेल. सायबर कॅफे, कॉलेजची लॅब, मामाचा कॉम्प्युटर, कुठे ना कुठे हा गेम होताच. २०००मध्ये नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने काढलेला. लांबवर पसरलेला लष्करी तळ, टेहळणीचे मनोरे, कॅमेरे, आणि तुम्ही एकटे.

याची खरी मेख वेगळीच. १४ मिशन आहेत आणि मिशनच्या मध्ये गेम सेव्ह करण्याची सोयच नाही. चाळीस मिनिटं दबकत दबकत गेलात, शेवटच्या दाराशी एका गार्डने टिपलं, की पुन्हा कुंपणाच्या बाहेर. त्यात आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग! लाइट जायच्या वेळा दादाने कॉम्प्युटरच्या टेबलावर खडूने लिहून ठेवल्या होत्या. आई म्हणायची, ‘बारावीचं टाइमटेबल असं लिहिलंस तर बरं होईल.’

आज हे असं कोणी खपवून घेणार नाही, असं मला वाटलं होतं. पण खेळताना एक वेगळीच गोष्ट झाली. मागे जायची सोय नाही म्हटल्यावर मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. दर पाच मिनिटांनी मेल बघायची सवय आपोआप सुटली. दुर्बिणीतून प्रत्येक गार्डच्या फेऱ्या मोजायच्या, अलार्मचं बटण कुठे आहे ते बघायचं, मग हलायचं. सहावं मिशन मला नऊ रात्री पुरलं! अकराव्याला मी गाइड उघडून बघितलं, कारण तिथे अलार्म वाजला की बराकीतून गार्ड संपतच नाहीत. अडून बसण्यात काही थोरवी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धा तास अडलात की बघा उत्तर. आणि दोन तासांत गेमशी सूत जुळलं नाही तर सरळ पुसून टाका. त्या ७१मधले १९ मी असेच काढले आणि कणभर वाईट वाटलं नाही.

द एंड

मी फ्रीलान्सर आहे. म्हणजे माझं ऑफिस कधी सुटतच नाही. लेख दिला की बदल येतात, बदल दिले की बिल, बिल दिलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’. नोकरीवाल्या मैत्रिणी म्हणतात, त्यांचंही फार वेगळं नाही, रात्री अकराला ग्रुपवर मेसेज येतोच. आणि मन रमवायला आपण उघडतो काय? फोनवरचे असे गेम, जे कधी संपतच नाहीत. रोज हजेरी लावा, रोज बक्षीस घ्या, सीझन संपायच्या आत पन्नासावी पायरी गाठा. हजेरीपत्रक चुकवून घरी आलेला माणूस दुसऱ्या हजेरीपत्रकावर सही करतो.

जुन्या गेमला शेवट असतो. आठ-दहा तास, फार तर पंधरा. मग पडदा काळा होतो, गेम बनवणाऱ्यांची नावं सरकायला लागतात. ‘सँड्स ऑफ टाइम’ संपला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते आणि मी ती नावं शेवटपर्यंत बघत बसले. त्या महिन्यात माझ्या हातून पूर्ण झालेली ती एकमेव गोष्ट होती.

‘असू दे पडलेले, पुढे कधीतरी खेळू’ म्हणणाऱ्यांसाठी एक बातमी. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये अभ्यास केला, त्यात दिसलं की तिथे २०१०च्या आधी आलेले ८७ टक्के गेम आता बाजारात मिळतच नाहीत. विकत घेतलेलेही कायम राहतील असं नाही. ‘द क्रू’ हा २०१४चा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ला कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर सगळ्यांसाठीच बंद झाला, पूर्ण पैसे मोजलेल्यांसाठीसुद्धा. आपण ‘घेतो’ म्हणतो तो बहुतेक वेळा फक्त खेळायचा परवाना असतो.

सध्या माझ्याकडे सुरू आहे ‘राजी’. तसा फार जुना नाही, २०२०चा, पण माझ्या ढिगात चार वर्षं होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला. राजस्थानी महाल, हातात दुर्गेचा त्रिशूळ, आणि सर्कशीतली एक मुलगी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधत निघालेली. पाच-सहा तासांचा आहे, मी मुद्दाम रविवारी एक तासच खेळते. लढाया ठीकठाक, पण महालांच्या गच्च्यांवरून धावताना मजा येते. आपल्याकडच्या गेममध्ये उखळ-मुसळ, दिवट्या, जाळ्या दिसल्या की उगाचच थांबावंसं वाटतं.

परवा दादाचा फोन आला होता. त्याला आता चार वर्षांची मुलगी आहे, गेमचं नाव काढलं की वहिनी डोळे वटारते. मी सांगितलं, आयजीआय संपवला. आधी त्याचा विश्वासच बसेना. तो स्वतः नवव्या मिशनला अडकला होता, मग बारावी आली आणि कॉम्प्युटर माळ्यावर गेला.

‘चौदावं पण?’

‘चौदावं पण. सांगू काय होतं ते?’

‘ए, गप! सांगू नकोस,’ तो म्हणाला. ‘दिवाळीत येतोय, लॅपटॉप आणू का?’