रानपक्षी, जव आणि एक विस्मृत रसायनज्ञ

दरवर्षी ऑगस्टची १२ तारीख उजाडली की स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील हेदरच्या झुडुपांनी आच्छादलेल्या माळांवर ग्राऊसच्या शिकारीचा हंगाम सुरू झाल्याची वार्ता ब्रिटिश वृत्तपत्रांत झळकते, आणि इंग्लंडच्या १८३१ च्या शिकार-कायद्यात नमूद असलेली ती तारीख पाळून त्याच संध्याकाळी लंडनच्या भोजनगृहांत पहिला ग्राऊस पानात वाढण्याची अहमहमिका लागते. या पक्ष्याबरोबर पेय कोणते, या प्रश्नाचे परंपरागत उत्तर बर्गंडीची लाल वाइन हे होते. आता मात्र बिअरचा कैवार घेणारेही पुष्कळ झाले असून, ‘भाजलेला पक्षी आणि बिअर यांत सुगंधाचे रेणू समान आहेत’ असा विज्ञानाचा दाखला ते आपल्या बाजूने देतात. हा दाखला तपासू गेल्यास तो निम्माच खरा ठरतो. परंतु त्या निम्म्या सत्यामागे जी हकिकत दडली आहे, ती पूर्ण दाखल्याहून कितीतरी सुरस आहे.

प्रथम पक्ष्यांविषयी. फेझंट आणि ग्राऊस यांना एकाच पंक्तीत बसविण्याचा प्रघात असला, तरी त्यांच्या मांसाची प्रकृती अगदी भिन्न आहे. फेझंट हा मूळचा आशियातला, मुख्यत्वे जमिनीवर वावरणारा पक्षी. संकट ओढवले की क्षणभर उसळून उडावयाचे आणि लगेच आडोशाला उतरावयाचे, एवढेच काम त्याच्या छातीच्या स्नायूंना असल्यामुळे प्राणवायू साठविणाऱ्या मायोग्लोबिनची त्यांना फारशी गरज पडत नाही, आणि म्हणून ते मांस फिकट राहते. शिवाय ब्रिटनमध्ये दरवर्षी कोट्यवधी फेझंट उबवणी केंद्रांत जन्मून केवळ शिकारीसाठी रानात सोडले जात असल्याने त्यांना ‘रानपक्षी’ म्हणताना थोडे जपावेच लागते. ग्राऊस मात्र हेदरचे कोवळे शेंडे खाऊन माळावरच वाढतो. त्याची छाती सोलून पाहिली तर गडद तांबडी, जवळजवळ जांभळी दिसते. हा रंग मायोग्लोबिनचा, म्हणजे पर्यायाने लोहाचा; आणि शिजताना हेच लोह मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणाला चालना देऊन काळजाच्या मांसाची आठवण करून देणारी ती उग्र, किंचित कडसर चव निर्माण करते.

मारलेला पक्षी पिसांसकट, पोटही साफ न करता, थंड आणि हवेशीर जागी काही दिवस मानेने टांगून ठेवावयाचा, असा युरोपात जुना शिरस्ता आहे. १८२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात ग्रंथात ब्रिया-साव्हारँ या फ्रेंच न्यायाधीशाने तर विघटनाला प्रारंभ झाल्यावाचून फेझंटला खरी गोडी येत नाही, असाच निर्वाळा दिला होता. रसायनशास्त्राने या निर्वाळ्याला पुढे आधार पुरविला. प्राण गेला तरी स्नायूंतील विकरे काम थांबवीत नाहीत. ती प्रथिनांचे तुकडे पाडून अमिनो आम्ले मोकळी करतात, आणि पेशींचे इंधन असलेल्या एटीपीच्या विघटनातून प्रथम इनोसिनेट व पुढे रायबोज ही शर्करा तयार होते. यांपैकी इनोसिनेट हे रुचीचे मर्म असल्याचे जपानी संशोधक शिंतारो कोडामा यांनी १९१३ मध्ये वाळविलेल्या बोनिटो मासळीवरून दाखवून दिले. थंडावा पुरेसा नसेल तर विकरांच्या जागी जंतूंचा अंमल सुरू होतो आणि मांस खाण्याजोगे राहत नाही, हे सांगणे अर्थात आवश्यक आहे.

आता बिअरच्या बाजूने पाहू. जव भिजवून त्याला मोड आणावयाचे आणि मोड पुरेसे आले की भट्टीत सुकवून त्यांची वाढ थांबवावयाची, ही माल्ट करण्याची रीत तान्ह्या बाळासाठी घरी नाचणीचे सत्त्व करणाऱ्या आपल्याकडील आजीला समजावून सांगण्याची गरज नाही. मोड येताना दाण्यातील विकरे पिष्टाची शर्करा करण्यास सिद्ध होतात आणि प्रथिनांची अमिनो आम्ले करू लागतात. टांगलेला पक्षी आणि मोड आलेला जव यांतील हे साम्य मला अत्यंत विलोभनीय वाटते: दोन्हीकडे माणूस काही दिवस स्वस्थ बसून पदार्थाच्या स्वतःच्या विकरांना काम करू देतो, शर्करा आणि अमिनो आम्ले यांची सिद्धता झाली की मगच अग्नीला पाचारण करतो, आणि मग दोन्हीकडे अग्नी एकच कार्य करतो.

या कार्याला आज ‘मेयार अभिक्रिया’ म्हणतात. लुई-कामी मेयार या फ्रेंच वैद्यकशास्त्रज्ञाने ग्लायसीन आणि ग्लुकोज यांचे मिश्रण तापविले, तेव्हा वर्णहीन द्रावण प्रथम पिवळे, मग तपकिरी झाले आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघू लागले. १९१२ मध्ये त्याने हा वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. त्याचा अधिकार निःसंशय मोठा आहे. परंतु त्याच्या आधी चार वर्षे, १९०८ मध्ये, आर्थर रॉबर्ट लींग या इंग्रज रसायनज्ञाने ब्रुइंग संस्थेच्या नियतकालिकात माल्टविषयी लिहिताना, प्रथिनांपासून निघालेली अमिनो संयुगे ग्लुकोज वा माल्टोज यांच्यासह १२० ते १४० अंशांपर्यंत तापविली असता त्यांचा संयोग होतो, असे स्पष्ट नोंदविले होते. भट्टीतील माल्टला रंग आणि गंध कोठून येतो, हा त्याचा प्रश्न होता. पुढे १९५३ मध्ये अमेरिकी कृषिखात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन हॉज या कृष्णवर्णीय रसायनज्ञाने या गुंतागुंतीच्या अभिक्रियाजालाचा असा नकाशा रेखाटला की आजही विद्यार्थी तोच गिरवितात. असे असता पाठ्यपुस्तकांत नाव एकट्या मेयारचे राहावे आणि मद्यशाळेच्या व्यवसायातून आलेल्या लींगचा उल्लेख तज्ज्ञांच्या टिपांपुरता उरावा, हा अन्याय आहे. कारखान्यातून उगवलेले ज्ञान विद्यापीठातून उगवलेल्या ज्ञानापेक्षा कनिष्ठ समजण्याची खोड त्यामागे आहे, असे मला वाटते.

तेव्हा समान रेणूंची गोष्ट खोटी नाही. भाजलेल्या कातडीत आणि भाजलेल्या माल्टमध्ये पायराझिने व तत्सम सुगंधी संयुगे खरोखरच आढळतात. परंतु रेणू समान म्हणून जोडी उत्तम, हे अनुमान मात्र टिकत नाही. २०११ मध्ये बाराबाशी या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५६,४९८ पाककृतींची छाननी केली, तेव्हा पाश्चात्त्य पाककृतींत समान रेणूंचे घटक एकत्र येतात, पूर्व आशियाई पाककृती मात्र ते टाळतात, असे निष्पन्न झाले. २०१५ मध्ये जोधपूरच्या आयआयटीतील गणेश बागलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरला दलाल यांच्या संग्रहातील अडीच हजारांवर भारतीय पाककृती तपासल्या, आणि आपले घटक तर एकमेकांशी कमीत कमी साम्य राखून नांदतात, असे त्यांना दिसले. समान रेणू हाच स्वादाचा कायदा असता, तर अर्ध्या जगाचा स्वयंपाक बेकायदा ठरला असता. शिवाय अशा गणतीत रेणू आहे की नाही एवढेच पाहिले जाते. तो नाकाला जाणवण्याइतका आहे काय, याची दखल घेतली जात नाही.

म्हणून जोडी जुळविताना भट्टीची मात्रा पाहणे अधिक शहाणपणाचे. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने फिरत्या पिंपात माल्ट काळाकुट्ट भाजण्याच्या यंत्राची सनद मिळविली आणि पोर्टर या काळसर बिअरला तिचा आजचा रंग मिळाला. अशी पोर्टर अथवा ‘एल’ प्रकारची तपकिरी बिअर ग्राऊसच्या गडद, लोहयुक्त मांसापुढे फिकी पडत नाही. तेथे हॉप्स या कडू फुलांचा भडिमार असलेली बिअर आणली, तर पक्ष्याच्या कडसरपणावर आणखी कडूपणाची भर पडते. ग्राऊस भाजताना त्याच्या छातीवर खारवलेल्या बेकनचे काप अंथरतात ते चरबीच्या अभावी मांस कोरडे पडू नये म्हणून. पण मिठातील सोडियम कडूपणाची जाणीव दाबते, हे ब्रेस्लिन आणि बोशाँ या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखविलेले सत्य लक्षात घेता, तो काप दुहेरी चाकरी बजावतो असे म्हणावे लागेल. फिकट मांसाच्या फेझंटला सौम्य भाजणीची, सोनेरी बिअर पुरते. ब्रसेल्सच्या परिसरात तो विटलूफ या कडसर भाजीबरोबर शिजवितात, तेथे तर माल्टचा गोडवाच उपयोगी पडतो.

आपल्याकडे तितर, लावा, रानकोंबडा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. परंतु हा विचार पाळीव कोंबडीलाही तितकाच लागू पडतो. मंद आचेवर शिजलेल्या फिकट मांसाला हलकी भाजणी, आणि तंदुरीत करपण्याच्या सीमेवर आलेल्या कातडीला गडद भाजणी, असा हिशेब ज्याने ध्यानात ठेवला, त्याला रेणूंच्या याद्या पाठ करण्याचे कारण नाही. लींगने १९०८ मध्ये माल्टच्या भट्टीपाशी जे ओळखले, त्याचाच तो व्यवहारात उपयोग करीत असतो.