लोणारचा निकाल कोअरनं दिला

बुलढाणा जिल्ह्यात तेलविहीर नाही. तरीही तेल शोधणाऱ्यांचं एक भरवशाचं साधन लोणारला कामी आलं. ते म्हणजे जमिनीत खोल छिद्र घेऊन वर काढलेला दगडाचा अखंड दांडा, अर्थात कोअर.

लोणारचं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर बेसॉल्टमध्ये आहे. चहूकडे ज्वालामुखीचाच खडक, तेव्हा विवरही त्याचंच असणार, असं वाटणं साहजिक होतं. 1896 मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ॲरिझोनातल्या विवराची तुलना लोणारशी केली आणि वाफेच्या स्फोटाचा तर्क मांडला. तो दोन्हीकडे चुकला.

खरा पुरावा तळाखाली होता. तिथं छिद्रं घेतल्यावर फुटून पुन्हा सांधला गेलेला खडक हाती आला आणि त्यात मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पारच्या स्फटिकाला प्रचंड दाबाचा धक्का बसला, की तो न वितळताच काच बनतो. बाहेरचा आकार तसाच राहतो, आतली रचना विस्कटते. सूक्ष्मदर्शकाखाली, एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये साधा फेल्डस्पार फिरवला तर तो उजळतो, मावळतो. मॅस्केलिनाइट कसंही फिरवा, काळंच! एवढा दाब ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही; तो उल्केच्या आघाताचाच. कर्ट फ्रेडरिक्सन, ए. दुबे, डी. जे. मिल्टन आणि एम. एस. बालसुंदरम यांनी हे 1973 मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलं. दुबे आणि बालसुंदरम हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. लोणारच्या धड्यात ही नावं यायलाच हवीत.

मेक्सिकोतल्या युकातानमध्येही हेच घडलं, पण फार उशिरा. तिथं पेमेक्स या सरकारी तेल कंपनीनं विहिरी खोदल्या. तेलासाठी सच्छिद्र खडक हवा; लागला टणक, स्फटिकमय दगड. ज्वालामुखीचा अँडेसाइट अशी नोंद झाली आणि विहिरी सोडून दिल्या. 1978 मध्ये ग्लेन पेनफिल्ड यांना चुंबकीय सर्वेक्षणात प्रचंड कमान दिसली. त्यांनी आणि अंतोनियो कामार्गो यांनी 1981 मध्ये आघाताची कल्पना जाहीर केली, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. अखेर ॲलन हिल्डेब्रँड आणि सहकाऱ्यांनी त्याच जुन्या विहिरींचे उरलेले नमुने मिळवून तपासले. त्यांत आघाताच्या खुणा असलेला क्वार्ट्झ होता. डायनोसॉर संपवणाऱ्या आघाताचं चिक्शुलूब विवर 1991 मध्ये असं जगासमोर आलं.

भारतात तेलविहिरींची माहिती 2017 पासून राष्ट्रीय डेटा भांडारात एकत्र ठेवली जाते. हे मोलाचं काम आहे. त्याच्या जोडीला कोरड्या विहिरींचे कोअरही तितक्याच निगुतीनं जपायला हवेत. युकातानच्या नोंदवहीत फक्त अँडेसाइट होता. क्वार्ट्झवरच्या खुणा दिसल्या त्या प्रत्यक्ष दगडात.